क्षिप्राचे पाय

क्षिप्रा आगाशे नाचायची तेव्हा मी पेटीवर एकच ओळ वाजवायचे. पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच. कथकमध्ये पेटीवाल्याचं काम तेवढंच असतं. सोळा मात्रांची एक सुरावट धरायची आणि ती फिरवत ठेवायची, म्हणजे नाचणारीला आणि तबलजीला आपण कुठे आहोत ते कळत राहतं. याला लेहरा म्हणतात. त्यात स्वतःची अक्कल चालवायची नाही, मुरक्या घ्यायच्या नाहीत आणि कंटाळायचं तर अजिबात नाही. इथे परदेशात, बुओना व्हिस्टाच्या प्रयोगशाळेत दिवसभर बॅटरीचे तेच ते नमुने तपासणाऱ्या बाईला हे काम जमणारच, असं माझा नवरा नरेश म्हणतो. त्याला विनोद करायची सवय आहे.

आमची ओळख झाली ती यिशुनकडच्या मराठी घरांनी मिळून काढलेल्या एका छोट्या मंडळात. मंडळाचा गणपती होता. माझा गणपतीशी संबंध नाही, पण पेटीशी आहे, म्हणून मला बोलावलं होतं. क्षिप्राने मला विचारलं, "तुम्ही कोणाकडे शिकलात?" पुण्याहून आलेली माणसं हा प्रश्न ज्या सुरात विचारतात त्या सुराची मला चीड आहे. मी म्हटलं, "बाबांकडे. नागपूरला आमच्या वस्तीत चौदा एप्रिलला भीमगीतांची पार्टी असायची, बाबा पेटीवर असायचे." मला वाटलं, आता ही नाक मुरडणार. ती म्हणाली, "मग तुम्ही लय धरून बसाल. इथे मला सगळे सूर लावणारे भेटतात, लय धरणारं कुणी भेटत नाही." एवढं बोलून ती मुलींचे गजरे बांधायला गेली. त्या दिवसापासून ती माझी मैत्रीण.

तिचं सगळं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, कारण ती स्वतःबद्दल सलग कधी बोलली नाही. वडील मिरजेला शाळामास्तर. आठव्या वर्षी नाच सुरू, पंधराव्या वर्षी पुण्याला बाईंकडे राहायला. बाई म्हणजे तिच्या गुरू. त्या शिष्येला वर्षभर नुसता तत्कार करायला लावत. तत्कार म्हणजे पायाचं मूळ काम, तळवा जमिनीवर सपाट आपटून बोल काढायचे. हात कमरेवर, चेहरा कोरा, फक्त पाय. क्षिप्राच्या बरोबरच्या मुली वैतागून सोडून गेल्या. ही राहिली, कारण हिला ते आवडत होतं! विशी ओलांडायच्या आत ती एकटीचे कार्यक्रम करायला लागली. पुणे, नाशिक, इंदूर, एकदा भोपाळ. दीड तास एकटीने रंगमंच भरायचा, सोबत तबला, पेटी आणि बाजूला बसून बोल म्हणणाऱ्या बाई. तेव्हाचे तिचे तबलजी सुरेशकाका मला नंतर सांगत होते, "हिच्याबरोबर वाजवायचं म्हणजे जिवाला घोर. हिचे पाय इतके स्वच्छ बोलायचे की आपला तबलाच बोबडा वाटायचा."

मग लग्न झालं. प्रबोध चांगला माणूस आहे, हे मला आधीच सांगून टाकलं पाहिजे. या गोष्टीत खलनायक शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. सॉफ्टवेअरमधला मॅनेजर, एम्प्लॉयमेंट पासवर इथे आला आणि मागून डिपेंडंट म्हणून ही आली. यिशुनमध्ये एचडीबीचा, म्हणजे इथल्या सरकारी इमारतीतला फ्लॅट भाड्याने घेतला, नवव्या मजल्यावर. सामान लागायच्या आधीच तिने घुंगरू काढले आणि हॉलच्या फरशीवर रियाझ सुरू केला.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दारावर टकटक झाली. खालच्या मजल्यावरच्या आंटी होत्या, चिनी, साठीच्या पुढच्या. भांडायला आल्या असत्या तर फार बरं झालं असतं. क्षिप्रा मिरजेची आहे, भांडणात मागे हटली नसती. पण आंटी संत्र्यांची पिशवी घेऊन आल्या होत्या. दारातच उभ्या राहून, हात जोडल्यासारखे करत म्हणाल्या, "सॉरी हं, माय हजबंड स्ट्रोक, ऑल डे लाय डाऊन. युवर डान्स व्हेरी नाइस. बट ही गेट स्केअर्ड लाह." क्षिप्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने त्याच संध्याकाळी मुलांच्या खोलीत टाकतात त्या फोमच्या जाड रंगीत चटया आणल्या, दोन थर घातले, वर जुनी गादी टाकली. घुंगरू तर सोडवेनात, कारण पायाला त्यांच्या वजनाची सवय हवी. म्हणून तिने ते पायात बांधून वरून प्रबोधचे जाड मोजे चढवले. आणि बिनआवाजाचा रियाझ सुरू झाला.

तुम्ही म्हणाल, स्टुडिओ घ्यायचा भाड्याने. घेतला होता. आठवड्यातून एकदा मिळायचा आणि त्यात ती मंडळातल्या मुलींना शिकवायची, मी पेटीवर लेहरा धरायचे. शिकवताना शिक्षिका नाचत नाही, टाळी देते, ओरडते, पोरींच्या कोपरांना धरून वर करते. इमारतीच्या खाली व्हॉइड डेकची मोकळी जागा आहे, तिथेही तिने करून बघितलं. पण काँक्रीटवर तत्कार केला तर गुडघे जातात, हे बाईंनी बजावलेलं. शिवाय तिथे बुद्धिबळ खेळणारे म्हातारे डाव सोडून बघत बसायचे. राहता राहिली गादी.

राधिका इथेच जन्मली, त्या चटयांवरच रांगायला शिकली. तिने आईला रोज नाचताना पाहिलं, पण मुकं. एकदा मंडळात कुणीतरी कथकचा व्हिडिओ लावला तेव्हा ही पोरगी चकित होऊन म्हणाली, "आई, व्हाय शी सो नॉइझी?" आम्ही सगळे पोट धरून हसलो. क्षिप्राही हसली. आज ते आठवलं की मला स्वतःचाच राग येतो, हसण्यासारखं काय होतं त्यात?

खालचे काका पुढे वारले. इथल्या चिनी रिवाजाप्रमाणे व्हॉइड डेकमध्ये पांढऱ्या तंबूत त्यांना ठेवलं होतं, तेव्हा क्षिप्रा जाऊन आंटींजवळ बसून आली. मी म्हटलं, "आता गादी काढ." ती म्हणाली, "आंटी एकट्या पडल्यात. आत्ताच धाडधाड सुरू केलं तर त्यांना काय वाटेल?" पुढच्या वर्षी म्हटलं, तर म्हणाली, "राहू दे गं, मला आता अंगवळणी पडलंय." आणि खरंच पडलं होतं. तिच्यात कसलीही कुरकुर नव्हती. रोज सकाळी राधिका शाळेत गेली की ही मोजे चढवून गादीवर उभी. तोंडाने बोल म्हणायचे आणि पायाने ते करायचे, तेवढीच सोबत. कार्यक्रम म्हणजे मंडळाच्या दिवाळीत आठ मिनिटांचा नाच, तोही मोबाइलमधल्या गाण्यावर. तिला त्याची लाज वाटायची. "हे माझं नाही," ती म्हणायची. "माझं अजून माझ्याजवळ आहे. एकदा जिवंत तबला मिळू दे, मग बघ." यावर तिचं सगळं आयुष्य उभं होतं. स्वयंपाक, मुलीची ट्यूशन, एमआरटी ट्रेनमधल्या चकरा, मंडळाच्या बायकांचं "तुम्ही काय, नाचाचे क्लास घेता ना?" हे सगळं ती त्या एका वाक्याच्या बळावर सोसत होती.

तबला मिळाला. सुरेशकाकांचा मुलगा इथे बुकित पंजांगला राहायला आला आणि गेल्या वर्षी काका त्याच्याकडे दोन-तीन महिने आले, सोबत तबल्याची जोडी घेऊन. क्षिप्राने मला फोन केला तेव्हा तिला नीट बोलता येत नव्हतं. मंडळाचा सेक्रेटरी तन्मय हा एरवी प्रत्येकाला आठ मिनिटं वाटणारा माणूस, पण हिने त्याला असं काही धरलं की त्याने एका रविवारच्या दुपारच्या कार्यक्रमातला अख्खा उत्तरार्ध हिला दिला. एक तास, एकटी, जिवंत साथीवर. मी तिला म्हटलं, "आता तरी खूश ना?" ती म्हणाली, "नंदा, मी अजून नाचणारी आहे की नव्हते कधी, ते त्या दिवशी कळेल." मी तिला वेड्यात काढलं.

तालीम तिच्या घरी. गादीभोवती आम्ही दोघं. काकांनीही शेजाऱ्यांचा विचार करून तबल्यावर टॉवेल टाकला होता. क्षिप्रा मोज्यांत, तोंडाने पढंत करत, म्हणजे बोल खणखणीत म्हणत नाचत होती. आणि काय नाचत होती! अंग वयाने थोडं जड झालेलं, पण हिशेब पक्का. कितीही अवघड तुकडा घेऊ दे, सम आली की ही समेवर. काकांचे डोळे भरून आले. मला तर वाटलं, माझी एवढ्या वर्षांची एकच ओळ कारणी लागली.

काका एवढंच म्हणाले, "क्षिप्रा, एकदा कुठेतरी लाकडी फळीवर करून बघूया का? घुंगरू मोकळे सोडून?"

"कशाला, काका? पाय माझेच आहेत. तिथे गेले की बोलतील."

काकांनी तबल्यावरचा टॉवेल सारखा केला. त्यांच्या आठवणीतले ते पाय खरोखरच बोलायचे, त्यामुळे त्यांना शंका तरी का यावी? आणि मला कळण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही तिघंही तिचं तोंड ऐकत होतो.

तो रविवार. एका शाळेचं सभागृह, जुनं लाकडी स्टेज. उत्तरार्धाच्या आधी मंडळातल्या छोट्या मुलींची फुगडी आणि झिम्मा होता. त्या दहा-बारा पोरी उड्या मारायला लागल्या तेव्हा सगळं सभागृह गडगडलं. विंगेत उभी असलेली क्षिप्रा हसून म्हणाली, "स्टेज छान आहे." मुलींचं लांबल्यामुळे साउंड चेकला वेळच उरला नाही. कुणीतरी माइकमध्ये "हॅलो, हॅलो" म्हटलं आणि तेवढ्यावर भागवलं. तिने मोरपिशी अंगरखा घातला होता, घुंगरू उघडे बांधले होते. मी चंद्रकंस रागातला लेहरा सुरू केला. ती आली, नमस्कार केला, थाट घेऊन उभी राहिली. तेवढ्यानेच टाळ्या पडल्या, इतकी ती सुंदर दिसत होती.

सुरुवात संथ असते, त्यात हात, मान, डोळे. ते सगळं होतं. मग ती माइकवर बोल म्हणायची आणि करून दाखवायची, तेही झालं. लोक वाहवा करत होते. मग लय वाढली. आता तोंड बंद ठेवायचं, फक्त पाय. मी पेटीवर मान खाली घालून माझी ओळ फिरवत होते आणि मला एकदम वाटलं, माझ्या कानांना दडे बसलेत. घुंगरू वाजत होते, पण नुसते खुळखुळत होते. त्यांच्या खाली जो तळव्याचा ठोका असतो तो नव्हता. मी मान वर केली. पाय विजेसारखे चालले होते. एक बोल चुकत नव्हता. पण प्रत्येक वेळी जमिनीला टेकायच्या आधी पाय क्षणभर आखडायचा आणि मग हळूच टेकायचा. झोपलेल्या माणसाच्या बाजूने आपण चालतो तसा. इतकी वर्षं खालच्या मजल्यावरच्या माणसाला घाबरवायचं नाही म्हणून तिने जे पायांना शिकवलं होतं, ते पाय इमानाने पाळत होते.

काकांनी तबला हळू केला, तिला जागा मिळावी म्हणून. तरी काही ऐकू येईना. त्यांनी आणखी हळू केला. क्षिप्रा मात्र रंगात आली होती, चेहरा फुलला होता, घाम गळत होता. तिने त्यांच्याकडे हसून बघितलं आणि खूण केली. सवाल-जवाब! तबल्याने एक बोल वाजवायचा, पायांनी तोच काढून दाखवायचा. हाच तिच्या तरुणपणी कार्यक्रमाचा कळस असायचा.

काकांनी पहिला सवाल टाकला, अवघड, त्यांच्या जुन्या खोड्यांपैकी. तिने जवाब दिला. खुळखुळ. दुसरा टाकला. खुळखुळ. लोक गोंधळून टाळ्या वाजवायचे, कारण जवाब संपला की नाही तेच कळत नव्हतं. मग मी काकांचा चेहरा बघितला आणि पुढे काय होणार ते मला कळलं. तिसरा सवाल त्यांनी सोपा दिला. चौथा त्याहून सोपा. पाचवा तर पहिल्या वर्षाच्या मुलींना देतात तो, सावकाश, सुटा सुटा. ता थेई थेई तत्. तेवढं मात्र प्रेक्षकांना ऐकू गेलं, आणि सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

क्षिप्रा थांबली. अर्धीच मात्रा, पण मी लेहरा धरणारी आहे, मला कळतं. तिने काकांकडे बघितलं. काकांनी नजर खाली घातली. मग तिने राहिलेलं सगळं नेटाने पूर्ण केलं, समेवर आली, नमस्कार केला. लोक उठून उभे राहिले. प्रबोध पहिल्या रांगेत रडत होता. तन्मय स्टेजवर येऊन म्हणाला की, आपल्या मंडळाच्या इतिहासात असं काही झालं नव्हतं. ते तर खरंच होतं.

ग्रीनरूममध्ये आम्ही तिघंच होतो. तिने घुंगरू सोडले नव्हते.

"काका, सवाल सोपे का केलेत? मी चुकले कुठे?"

"नाही बाळ. एक मात्रा चुकली नाहीस."

"मग?"

काकांचं वय झालंय, त्यांना खोटं रचायला वेळ लागतो. तेवढा वेळ तिने त्यांना दिला नाही. "सांगा ना, काका."

"मला तुझे जवाब ऐकू येत नव्हते गं. मी तुझ्या पायांकडे बघून वाजवत होतो."

ती माझ्याकडे वळली, मी तरी नाही म्हणेन म्हणून. मला जमलं नाही.

"पण मला तर सगळं ऐकू येत होतं," ती म्हणाली. "एकेक बोल."

बाहेरून फोटोसाठी हाका येत होत्या. ती गेली. ते फोटो अजून मंडळाच्या ग्रुपवर आहेत, त्यात ती छान हसते आहे.

मला इथे थांबता आलं असतं, पण ती तिथे थांबली नाही. पुढच्याच आठवड्यात तिने क्लासच्या मुलींना सुट्टी दिली आणि स्टुडिओत लाकडी फळी टाकून उभी राहिली. काका परत गेले होते, पेटीवर मी होते. ती मुळापासून सुरू करत होती. वर्षभर बाईंनी करवून घेतलेला तोच तत्कार. "आपट, आपट," ती स्वतःच्याच पायांना म्हणायची. मांडीतून जोर काढायची, दात आवळायची. पाय वरून यायचा वेगाने आणि शेवटच्या बोटभर अंतरावर अदबीने हळू व्हायचा. कितीही रागावलं तरी न चिडणाऱ्या माणसासारखे झाले होते ते पाय. सहा महिने आम्ही गेलो. तिचे घोटे सुजले, टाचेला भेग पडली. डॉक्टर म्हणाले, या वयात हे थांबवा. प्रबोध बिचारा म्हणायचा, "अगं, सगळ्यांना इतकं आवडलं होतं!" त्याला ती काय सांगणार?

गेल्या महिन्यात एका सकाळी मी नेहमीसारखी ओळ धरली. ती फळीवर उभी होती, हात कमरेवर, डोळे मिटलेले. पाय हलेनात. मला वाटलं, मात्रा मोजते आहे. मी ओळ फिरवत राहिले, पुन्हा सम आली, पुन्हा गेली.

"क्षिप्रा, घे ना."

"घेता येत नाहीये," ती म्हणाली. "नंदा, गादीवर होते तेव्हा आत वाजायचं गं सगळं. लख्ख वाजायचं. त्याच्यावरच तर मी जगत होते. त्या दिवशीपासून पाय बाहेर खरे कसे वाजतात ते ऐकू यायला लागलं, आणि आतलं बंद झालं. आता कुठेच वाजत नाही."

माझे हात पेटीवर तीच ओळ वाजवत होते, ते थांबवायचं मला सुचलं नाही. मग तिनेच फळीवरून खाली उतरून माझ्या हातावर हात ठेवला, आणि पेटीचा भाता मिटवून टाकला.